चौकटीवरची भरती

माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. लोक मुलांची उंची मोजून करतात तशा नव्हेत. त्या पाण्याच्या आहेत. समुद्राच्या पाण्याच्या! आणि घर आमचं ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीत, जिथे मे महिन्यात नळाला पाणी आलं तर शेजारणी एकमेकींना हाका मारून सांगतात. हसू येतंय ना? मलाही यायचं. हसू कमी, राग जास्त.

खुणा माझ्या सासूबाईंच्या. सुधाताई त्यांचं नाव, मी आई म्हणते. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. शेहेचाळीस वर्षांपूर्वी कोकणातल्या खारवली नावाच्या गावातून लग्न होऊन इथे आल्या. माझे सासरे महिपतराव इथल्या हजीरा भागातल्या कापडगिरणीत होते. आता ते नाहीत, गिरणीही नाही. आमची मंडळी शिपाईगिरी करत इकडे आलेली, पिढ्यान् पिढ्या इथलीच. समुद्र आम्ही टीव्हीवर बघितलेला. आणि या बाईंच्या डोक्यात तो चोवीस तास चालू.

म्हणजे अगदी खरं सांगते. आम्ही महाराज बाड्यावर खरेदीला गेलो होतो एकदा, दिवाळीची गर्दी, मी ब्लाउजपीसचा भाव करतेय, आणि या मधेच थांबून म्हणतात, "आता खारवलीत ओहोटी लागली असेल हो." दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. काय सांगणार त्याला, कपाळ?

त्यांचं एक गणित होतं. त्यांचे वडील खाडीवरच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचे. लाँच भरतीवरच आत यायची, म्हणून भरती कधी ते आधी ठाऊक हवं. ते काम सात-आठ वर्षांच्या सुधाचं. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. द्वितीयेला दीड. पाऊणकी त्यांना अशी पाठ की झोपेतून उठवून विचारा. "एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन..." भाजी चिरताना चालू, अंघोळीत चालू. सारा गाव धक्क्यावर येऊन विचारायचा, सुधे, आज कितीला गो? आणि सुधा कधी चुकली नाही. हा त्यांचा अभिमान. दुसरा कुठला दागिना नव्हता त्यांच्यापाशी.

खारवलीत आता त्यांचा धाकटा भाऊ राहिला होता, नाना. बायको गेलेली, मूलबाळ नाही. खाडीकाठच्या घरात एकटा. दोन वर्षांपूर्वी भरतीच्या पाण्याने पायरीवर शेवाळ धरलं, त्यावरून घसरला आणि खुबा मोडला. सळई घातली, पण काठी सुटली नाही. अमावास्या आणि पौर्णिमा आली की मागचे-पुढचे तीन दिवस आईंचा सकाळी त्याला फोन. कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर, म्हणजे बहीण-भावाचं बोलणं अख्ख्या घराला.

"नाना, आज पाऊण वाजता रे. गाद्या वर टाक."

"टाकतो ताई."

दुपारी पुन्हा फोन. पाणी कुठपर्यंत आलं? नाना सांगायचा आणि या चौकटीवर खूण करायच्या. आमच्या फरशीला त्यांनी नानाच्या घराची जमीन मानलं होतं. सुरुवातीला खूण नसायचीच, पाणी अंगणातल्या माडांच्या मुळाशी थांबायचं. मग भातशेती राखणारा खारबांध फुटला, बुजवला, पुन्हा फुटला. मग पायरी झाली, उंबरा झाला, आणि गेल्या वर्षी पहिली खूण माझ्या चौकटीवर पडली, चार बोटं. मग वीतभर.

अपूर्व, माझा मुलगा, आजीला समजवायचा. "आजी, सी लेव्हल बढ़ रहा है ना. तुझं कॅल्क्युलेशन पुराने समंदर का है, यार."

"यार काय मेल्या, आजी आहे मी तुझी. समुद्र चढला म्हणून चंद्र काय उशिरा उगवणार आहे? वेळ तीच!"

आणि यात त्या बरोबर होत्या. हेच तर वाईट झालं.

आता माझी गोष्ट सांगते, ती लपवली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. गेल्या दिवाळीत आईंनी मला विचारलं होतं, "राजलक्ष्मी, नानाला इकडे आणूया का गो? मागची खोली आहे." मी पुऱ्या तळत होते. म्हटलं, "आई, अपूर्वची बारावी आहे. एवढं वर्ष होऊन जाऊ दे." जरा जोरातच म्हटलं. मे महिन्यात पुन्हा विचारलं, तर म्हटलं कूलर एकच, नानांना आपला उन्हाळा कसा सोसणार. जूनमध्ये रंगकाम काढलं. रंगाऱ्याने चौकट गुळगुळीत करून पांढरी केली, खुणा गेल्या. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या खुणा आठवून पुन्हा काढल्या, साल आणि तिथीसकट. मी इतकी चिडले की राजवर्धनला, माझ्या नवऱ्याला, भोपाळला फोन करून सांगितलं, तुझ्या आईसाहेबांना समजव. मी वाईट बाई नाहीये. पण त्या घरात एक माणूस वाढणार म्हटलं की काम माझं वाढणार होतं, आणि मला ते नको होतं. बस, एवढंच.

नारळी पौर्णिमेला आई दरवर्षी सागरतालावर जाऊन नारळ सोडतात. इथे दुसरं मोठं पाणी कुठलं? मी स्कूटरवर नेते. यंदा नारळ सोडून त्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. परत आल्यावर नानाला फोन केला.

"परवा द्वितीया. दोन पाऊणे दीड. उधाण मोठं आहे रे, वाराही आहे म्हणतात. पाणी उंबऱ्याला कधी लागतं हल्ली?"

"एक वाजता लागतं ताई. भरतीच्या अर्धा तास आधी."

"मग बाराला रिक्षा सांग आणि वरच्या वाडीत हसनभाईकडे जाऊन बस. बारा म्हणजे बारा."

"बारा. ठरलं."

परवाचा दिवस उजाडला. अपूर्व कोचिंगला गेलेला, मी डाळ शिजायला लावलेली. अकरा वाजून वीस मिनिटांनी आईंनी सहज फोन लावला, निघायची तयारी झाली का विचारायला. पलीकडून आधी आवाज पाण्याचा आला. मग नानाचा.

"ताई, पाणी आत आलंय गो."

"आत? कुठे आत? अकरा वाजलेत नाना!"

"उंबऱ्यावरून आलं. आज जरा लवकर आलंय. रिक्षावाला म्हणतो खाडीकडचा खाजणातला रस्ता बुडालाय, येत नाही."

आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग बोटं मोजली. पुन्हा मोजली. मी त्यांचा चेहरा आयुष्यात असा बघितला नव्हता. अजून दोन तास दहा मिनिटं पाणी चढतच राहणार होतं, आणि ते आत्ताच घरात होतं.

"काय ते सामान सोड," त्या म्हणाल्या. "माळ्यावर चढ."

"या पायानं?"

शिडी होती, पण नाना शिडी चढू शकत नव्हता. दारातून बाहेर पडला तर अंगणात पाण्याला ओढ, हातात काठी. आईंनी डोळे मिटले. मला आत्ता कळतं, त्या मनाने नानाच्या घरात फिरत होत्या, एकेक वस्तू हाताने चाचपत.

"पेटारा," त्या म्हणाल्या. "माजघरातला भाताचा पेटारा. तीन वीत उंच आहे. त्यावर बस."

मी तोवर माझ्या फोनवरून जिथे सुचेल तिथे फोन लावत होते. हसनभाईंचा फोन बंद होता. तालुक्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर इंटरनेटवर मिळाला. तिथला माणूस चांगला होता बिचारा, पण म्हणाला, आमची बोट पलीकडच्या गावात आहे, तिकडे चाळीस माणसं अडकलीत, नाव लिहून घेतो. मी म्हटलं, भाऊ, एकटा म्हातारा आहे, पाय अधू आहे. तो म्हणाला, बाई, इथे सगळे तेच सांगतायत. राजवर्धनला फोन केला, तो भोपाळहून काय करणार? डाळ करपली. वास सगळ्या घरात भरला आणि कोणी गॅस बंद करायला उठलं नाही.

"कुठपर्यंत आलं?" आई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, आणि चौकटीपाशी खाली बसून खूण करत होत्या. चार बोटं. वीतभर. वीत आणि चार बोटं. पेन्सिल चौकटीवर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी नाना म्हणाला, "ताई, पेटारा हलतोय गो."

"हलतोय म्हणजे?"

"उचलला जातोय. एका अंगानं."

आई ताडकन उभ्या राहिल्या. "भात किती आहे आत?"

पलीकडे नुसतं पाणी खळखळत होतं.

"नाना, भात किती आहे?"

"नाही आहे. चार वर्षं झाली ताई, शेतात खारं पाणी बसलंय, दाणा पिकत नाही. रिकामा आहे."

मला काही उमगेना. मी म्हटलं, रिकामा तर रिकामा, त्यांना बसायला तर आहे! आई माझ्यावर ओरडल्या, "अगो, रिकामा पेटारा तरंगतो! उलटेल आणि त्याला खाली घेईल!" मग फोनवर, एकदम शांत आवाजात, जसं लहान मुलाशी बोलावं तसं, "नाना, ऐक. खाली उतर. झाकण उघड. फोन वरच्या फळीवर ठेव, माझा आवाज येईल असा. कळशी घे आणि पेटाऱ्यात पाणी भर. वीस कळश्या. मोठ्यानं मोज. भरला की जड होईल, मग हलायचा नाही. मग झाकण लाव आणि वर बस."

"पाणी गुडघ्याच्या वर आहे ताई."

"असू दे. भिंतीला टेकून उभा राहा. मी मोजते तुझ्याबरोबर. एक."

"एक," नाना म्हणाला.

मी अशी मोजणी कधी ऐकली नाही, आणि देव करो पुन्हा ऐकायला न मिळो. अडुसष्ट वर्षांची बाई ग्वाल्हेरला स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि त्रेसष्ट वर्षांचा तिचा भाऊ हजार-बाराशे किलोमीटरवर गुडघाभर पाण्यात, एका पायावर. चार. पाच. मधे कळशी आपटल्याचा आवाज. आठ. नऊला त्याचा तोल गेला बहुतेक, कण्हल्यासारखं ऐकू आलं. आई म्हणाल्या, "नऊ झाल्या, दहावी घे." अकराला मीही मोजायला लागले. मला कळलंच नाही कधी. तेरा. पंधरा. नानाला धाप लागली होती, आकडा अर्धाच बाहेर येत होता. अठरा. एकोणीस.

आणि फोन गेला.

"वीस," आई म्हणाल्या. पलीकडे कोणी नव्हतं.

पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तेच. आई फोन हातात धरून जमिनीवर बसल्या, चौकटीला पाठ टेकून, आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. साडेबारा. "शेवटच्या तासात पाणी दमतं," त्या मला म्हणाल्या. "एवढं चढत नाही शेवटी." पावणेएक. एक. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी मनात काय काय बोलले देवाला! म्हटलं, मागची खोली रिकामी आहे, आजच्या आज झाडते, हवं तर कूलर तिकडेच लावते, फक्त त्याला राहू दे. लाच देत होते मी देवाला. दीड वाजला तेव्हा आई फक्त म्हणाल्या, "आता उतरेल."

पावणेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला, स्पीकर लावला.

"ताई, हसन बोलतोय. नाना माझ्या होडीत आहे. थरथरतोय पण बरा आहे. पेटाऱ्यावर बसला होता, कमरेएवढ्या पाण्यात."

मीच म्हटलं, भाईसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू. तर तो म्हातारा चिडला. "अहो, उपकार कसले! मी सकाळी दहालाच होडी घेऊन गेलो होतो त्याला न्यायला. आला नाही. म्हणाला, ताईनं बारा सांगितलंन, ताई चुकायची नाही. मग मी दुसरी माणसं काढायला गेलो. एवढा हट्टी माणूस बघितला नाही!"

आईंनी ते ऐकलं. पेन्सिल हातातच होती, ती त्यांनी चमच्यांच्या डब्यात ठेवली. "माझ्यामुळे मेला असता गो," एवढंच म्हणाल्या. पुढचे आठ दिवस त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं नाही. पाऊणकी बंद. अंघोळीतसुद्धा घर शांत. त्या शांततेचा मला इतका त्रास झाला की मीच तिकीट काढलं आणि मीच नानाला आणायला गेले. राजवर्धनला म्हटलं, तू राहू दे, हे माझं काम आहे.

नाना आले ते एक पिशवी, एक काठी आणि अंगावरचे कपडे घेऊन. बहीण-भाऊ भेटले तेव्हा कोणी रडलं नाही. आईंनी त्यांना दोन पोळ्या जास्त वाढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते. नाना काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि चौकटीवरच्या खुणा बघून थांबले.

"ही काय गो ताई?"

"तुझं पाणी," आई म्हणाल्या. "ही चैत्रातली अमावास्या. ही वैशाखी पौर्णिमा. ही आषाढातली."

नाना वाकून वाकून वाचत होते. मग त्यांनी चमच्यांच्या डब्यातून पेन्सिल काढली. चैत्रातल्या खुणेवर बोट ठेवलं आणि तिच्या दीड वीत वर दुसरी रेघ ओढली. वैशाखातल्या खुणेवर तसंच. मग आषाढातली.

"हे काय करतोस?"

"इथं नव्हतं पाणी. इथं होतं." नाना आमच्याकडे बघत नव्हते. "आणि एकला नाही लागायचं उंबऱ्याला. अकरालाच लागायचं. मी खाटेवर, मग खाटेवर पाट रचून, असा बसून काढायचो. हल्ली आणखी लवकर. त्या दिवशी हसनबरोबर दहालाच निघालो असतो तर तुला कळलं असतं; वाटलं, बाराला निघेन, तेवढा वेळ मिळेल. तू सांगितलं होतंस ना."

आईंनी हातातली बशी खाली ठेवली. "म्हणजे मी मांडायचे ते तू सांगितलेल्यावरून. आणि तू मला खोटं सांगत होतास? कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"का रे मेल्या? का?"

नानांनी पेन्सिल पुन्हा डब्यात ठेवली, जशी होती तशी. ते अजिबात रागात नव्हते. पावसापाण्याचं सांगावं तसं म्हणाले, "तू घाबरली असतीस आणि मला इकडे आण म्हणून बसली असतीस. सूनबाईंच्या पोराची परीक्षा होती. तुझा फोन स्पीकरवर असतो ना ताई. दिवाळीत तो चालूच राहिला होता, मला ऐकू आलं होतं."

पोहे खाली लागत होते. मी गॅस बंद केला. आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. त्यांनी नानांना हाताला धरून पाटावर बसवलं आणि मला म्हणाल्या, "राजलक्ष्मी, त्याला आधी वाढ."